दमडी नाय म्हटलं, ते त्यानं लिहून घेतलं

विनू गेल्याचा निरोप पुण्याहून आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. हातातली भाकरी तव्यावर टाकली, मग रडले. महिना झाला. गेलेल्या माणसाला बोल लावू नये म्हणतात... पण मामेभाऊ होता माझा, जिवंतपणी ऐकून घ्यायचा, आता का सोडू?

आमच्या अष्टमी गावच्या घाटावर, पाठीला सुके नारळ बांधून आम्ही दोघं कुंडलिका नदीत पोहायला शिकलो. पुढं तो अर्थशास्त्राचा प्रोफेसर झाला. एक्याण्णव-ब्याण्णवचा उन्हाळा असेल, कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे उतरला. कारखान्यांच्या पाण्यानं नदीला वास मारायला लागला होता. "आक्का, पोहण्याफिरण्याला स्वच्छ नदीचं मोल किती, ते पैशात मांडलं की सरकार ऐकेल," म्हणाला. मला पटलं. घाटावरच्या बायका मीच गोळा केल्या.

त्यानं विचारलं, "नदी पोहण्यासारखी राहावी म्हणून वर्षाला किती द्याल?"

शेजारची वेणू धुणं आपटता आपटता म्हणाली, "आईला भेटाया तिकीट काढायचं काय रं? घाण करतंय त्याच्याकडून घे. आम्ही दमडी देणार नाय!"

सगळ्या हसल्या. मीही ठसक्यात तेच बोलले. त्यानं प्रत्येकीपुढं शून्य लिहिलं. वरच्या अंगाला मोटारीनं सहलीला येणाऱ्या मुंबईकरांनी मात्र आकडे सांगितले, इथवर यायला जाळलेलं त्यांचं पेट्रोलसुद्धा नदीचं मोल म्हणून धरलं गेलं. आम्ही पायी जाणाऱ्या, आमचं काय धरणार?

अहवालात आलं, घाटाच्या पाण्याला स्थानिकांच्या लेखी मोल नाही. तोच कागद पुढं करून कारखान्यांनी सांडपाण्याचा नवा नाला आमच्या घाटाशी सोडला. माझी नात नदीकाठी वाढली, पण नदीत कधी उतरली नाही.

मी विनूला समोर उभं करून जाब विचारला. "आम्ही रागानं बोललो, हे तुला कळलं नाय?"

"कळलं होतं, आक्का. पण फॉर्मात रागाचा रकाना नव्हता."

इतका शिकलेला माणूस, एक रेघ जास्तीची ओढता आली नाही? नकळत चुकला असता तर माफ केलं असतं. कळून चुकला, ते मी सोडलं नाही, सोडणारही नाही.

तरी दर मे महिन्यात यायचा. सकाळी खांद्यावर पंचा टाकून घाटावर जायचा, तासाभरानं यायचा, आणि माझ्याकडे न बघता तो कोरडा पंचा वलणीवर पसरायचा... यंदा पुण्याला परत जाताना पंचा इथंच विसरला. सून विचारते, धुवून ठेवू का? मी म्हणते, राहू दे गो. त्याला पाणी लागलंय कुठं?