दोन बोटांची जागा

अनसा गेली तेव्हा मी ज्वारी निवडत बसले होते. तिचा मुलगा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मोठीआई, आई गेली." मी सूप खाली ठेवलं. रडू आलं नाही. डोक्यात एकच आलं... आता बायका तिला तयार करायला बसतील आणि तिच्या गळ्याला हात लावतील.

अनसा माझी धाकटी जाऊ. तेरजवळच्या आमच्या गावात ती लग्न होऊन आली तेव्हा निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. तिचा नवरा, माझे धाकटे दीर, भूमकडं एका खेड्यात शाळामास्तर होते. सुट्टीला तेवढे यायचे. मी चौथी शिकलेली, ती दुसरी, पण बोलण्यात तिच्यापुढं माझा टिकाव लागायचा नाही. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. "आत्याबाईंची भाकरी म्हंजे पुनवेचा चांद, डागासकट," असं ती त्यांच्या पाठीमागं म्हणायची आणि मी पदर तोंडात घालून हसायची.

फ्लूची मोठी साथ आली त्या पावसाळ्यात घरोघरी माणसं आडवी झाली होती. अनसाही चार-पाच दिवस ताप-खोकल्यानं पडली, उठली, कामाला लागली. आम्ही ते विसरूनही गेलो. तीनेक आठवड्यांनी तिचा गळा दुखायला लागला. आतला घसा नव्हे, बाहेरून, पुढच्या बाजूनं, मंगळसूत्राचं डोरलं टेकतं नेमकं तिथं. कळ थेट कानापर्यंत चढायची. हात कापायचे, छाती धडधडायची, श्रावणातल्या गारव्यात चोळी घामानं भिजायची. दोन भाकरी खाऊनही ती वाळत चालली. आम्ही गालगुंड समजून गेरूचा लेप लावत बसलो.

तेव्हा डोरल्याची पोत आखूड असायची, गळ्याला चिकटून बसणारी. "आक्का, हे डोरलं न्हाय, विस्तव हाय," असं म्हणून एक दिवस तिनं ते काढलं आणि चुलीमागच्या खुंटीला अडकवलं.

आत्याबाईंनी पाहिलं मात्र. "माझा ल्योक जित्ता हाय, अन् तू गळा उघडा टाकतीस? काय हाय तुझ्या मनात?"

"आत्याबाई, मनगटाला बांधते, म्हणाल तर कपाळाला टांगते. गळ्याला तेवढं नगं. लई दुखतंय."

चौथ्या दिवशी पत्र आलं. मास्तर तापानं अंथरुणाला खिळलेत. त्या भागात निम्मी माणसं त्याच तापानं पडली होती. पण आमच्या घरात त्या तापाचं कारण एकच होतं, आणि ते खुंटीला टांगलेलं होतं.

आत्याबाईंनी खुंटीवरचं डोरलं हातात घेतलं आणि मला म्हणाल्या, "धर तिचे हात." मी धरले. सासूला भ्यायले असं सांगून मला सुटता येणार नाही. मलाही तेच वाटत होतं, की हिच्यापायी माझे दीर जातील. आत्याबाईंनी मागून गाठ आवळली. अनसा ओरडली नाही. डोळ्यांतून पाणी मात्र खळत नव्हतं. गाठ झाल्यावरही मी हात धरूनच होते, तेव्हा म्हणाली, "सोडा आता, आक्का. कुठं जाणार हाय मी?"

आठ दिवसांत मास्तर बरे झाले. दोन-तीन महिन्यांत हिचा गळाही आपोआप निवला. आत्याबाई दोन्हीकडून खऱ्या ठरल्या. मग त्या घरात कोण काय बोलणार?

अनसा मात्र पहिल्यासारखी झाली नाही. ती मंदावली. तोंड सुजल्यासारखं, आवाज घोगरा, भर उन्हाळ्यात अंगावर घोंगडं. लोक आळशी म्हणायचे. मीही म्हटलं. त्या चांदाच्या गोष्टीही बंद पडल्या.

फार वर्षांनी मुलानं तिला सोलापूरला दाखवलं. मी सोबत होते. डॉक्टर म्हणाले, "तशा तापानंतर काही आठवड्यांनी मानेतल्या थायरॉईड ग्रंथीला सूज येऊ शकते. बहुतेकांची बरी होते, काहींची कायमची मंदावते. एवढ्या वर्षांनी खात्री देता येत नाही, पण तुमचं तसंच झालेलं दिसतं." रोज एक गोळी लिहून दिली. मी विचारलं, गळ्याला घट्ट बांधल्यानं झालं का? "नाही, त्यानं आजार होत नाही. दुखलं मात्र फार असेल."

अनसा हसली. "ऐका, आक्का. दुखलं असंल म्हणं."

डोरलं बांधलं त्या दिवसाबद्दल ती एवढंच बोलली. मी तेवढंही बोलले नाही... बोलायला पन्नासएक वर्षं होती. पण पोत गाठवून घेताना दर वेळी ती थोडी लांब करायची, शेवटी शेवटी ती बेंबीपर्यंत आली होती. भाकरी थापताना, निवडताना, बोलताना डाव्या हाताची दोन बोटं पोत आणि गळा यांच्यामध्ये. बायका हसायच्या. "दोन बोटांची जागा पायजे मला," म्हणायची.

सूप ठेवून मी तिच्या घरी पोचले तेव्हा तिला न्हाऊ घालून झालं होतं. मळवट भरला होता. मास्तर ओसरीवर बसलेले, त्यांना आता ऐकू येत नाही. ती लांब पोत बरी दिसेना म्हणून बायकांनी दुहेरी करून गळ्याशी नीट बसवली होती.

"सैल करा गं," मी म्हणाले, "टोचतं तिला."

एका पोरीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आजी, आता काय टोचतंय?"

मी खाली बसले आणि बोटं घालून पाहिली. एक गेलं. दुसरं गेलं नाही.