विजेला कुलूप

विजेचा शोध लावणारे, तिच्यावर दिवे पेटवणारे, गाड्या पळवणारे साहेब जगात पुष्कळ झाले असतील. पण विजेलाच कुलूप घालून तिची किल्ली जानव्याला अडकवणारा पुरुष एकच झाला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा! आतोबा नाशिक रोडला एका सरकारी कचेरीत कारकून होते. तिथे दिवसभर कपाटांना कुलपं घालण्याची सवय ते संध्याकाळी सायकलवरून घरी घेऊन येत. लोणच्याच्या बरणीला कुलूप, छत्रीला साखळी आणि साखळीला कुलूप. एकदा गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, स्नानाला गेले तेव्हा पायरीवर चपलांचा जोड कुलपाने एकत्र बांधून ठेवला. किल्ली राहिली घरी! तो जोड हातात धरून भर उन्हात अनवाणी परत आले आणि आम्हालाच विचारू लागले, "पण गेल्या का चोरीला?"

अशा माणसाने एका चैत्रात टेबलपंखा आणला! काय सांगू तो दिवस! मी लग्न होऊन नाशिकला नवीनच आले होते, आत्याचं घर हेच माझं माहेर, त्यामुळे तो सोहळा मी डोळ्यांनी पाहिला. टांग्यातून खोकं उतरलं आणि सगळी आळी ओट्यावर गोळा झाली. आत्याने पंख्याला हळदकुंकू वाहिलं, निरांजन ओवाळायला घेतलं, आणि नेमका त्याच क्षणी आतोबांनी प्लग भिंतीत घातला. निरांजन फट्कन विझलं आणि तबकातलं कुंकू उडून आतोबांच्या टकलावर पसरलं. आम्ही हसून हसून बेजार! हसल्या नाहीत त्या फक्त अक्का, आतोबांची थोरली बहीण. देवापुढचा दिवा विझवणाऱ्या त्या यंत्राशी त्यांनी त्या दिवसापासून वैर धरलं.

पंधरा दिवसांनी, ऐन कुरडया घालायच्या दिवशी आभाळ भरून आलं. कुरडया आंबणार म्हणून आत्या रडकुंडीला आली, आणि मग तिला ती कल्पना सुचली. खाटेवर ओल्या कुरडया मांडल्या, पुढे पंखा ठेवला आणि दिला सोडून वारा! शेजारणीसुद्धा आपापल्या पराती घेऊन धावल्या. खोलीत नुसती जत्रा उसळली होती, तोच दारात आतोबा. पंख्याच्या जाळीला गव्हाचा चीक लागलेला त्यांनी पाहिला. सायकल तशीच वळवून भद्रकालीत कुलूपवाल्या रहीमचाचांकडे गेले. चाचांनी प्लग मावेल एवढी तांब्याची डबी केली. वायरीपुरती खाच, आतून सायकलच्या ट्यूबचं अस्तर आणि बाहेर इवलंसं कुलूप. प्लगच डबीत कोंडल्यावर तो भिंतीत शिरणार कसा? डबी देताना चाचा म्हणाले, "साहेब, तिजोरीला कुलूप केलं, कबुतरांच्या खुराड्याला केलं. हवेला कुलूप पहिल्यांदाच बनवतोय."

तेव्हापासून वारा रोज संध्याकाळी अर्धा तास सुटे. आतोबा जानव्याची किल्ली काढीत, डबी उघडीत, आणि आम्ही रांगेने पंख्यापुढे बसत असू. आत्याने एकदा दुपारी चुलीपुढून उठून किल्ली मागितली, तर म्हणाले, "घाम वाळेपर्यंत जरा थांब, मग वाऱ्याची गरजच उरणार नाही."

पुढच्या वैशाखात आत्याला विषमज्वर झाला. डॉक्टरांनी सांगितलं, खोली गार ठेवा, पंखा बंद होता कामा नये. आतोबांनी डबी उघडून कोनाड्यात फेकून दिली. पण ते कामावर गेले की अक्का येत आणि प्लग उपटत. तापात वारा लागला की माणूस वाताने जातो, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. मी बोलायला गेले तर मलाच गप्प केलं. दोन दिवस आतोबा घरी आले ते निपचित पंखा आणि फणफणलेली आत्या पाहायला. अक्का आतोबांना म्हणाल्या, "अरे नाना, तू वैरी आहेस का तिचा?" त्याही रडत होत्या. आतोबांची रजा संपली होती. ते उठले आणि रहीमचाचांना घरीच घेऊन आले.

चाचांनी डबीचा तळ कापला आणि प्लग घालायच्या भोकांभोवतीच्या लाकडी पाटीवर ती स्क्रूंनी घट्ट बसवली. आत चालू प्लग, वर झाकण, झाकणाला कुलूप. पंख्याला वेगळं बटण नव्हतंच, त्यामुळे आता तो कुणालाच बंद करता येईना! आतोबांनी जानव्याची किल्ली सोडवली आणि आत्याच्या तापलेल्या मुठीत ठेवली. "तुझ्याशिवाय कुणी उघडायचं नाही."

"हरवली तर?" आत्या पुटपुटली.

"तर भिंत फोडीन."

एकविसाव्या दिवशी ताप उतरला. आत्या भिंतीला धरून उठली, स्वतःच्या हाताने कुलूप काढलं आणि प्लग ओढला. पंखा थांबला तेव्हा घरात इतकं शांत झालं, की पाठमोऱ्या आतोबांचं नाक ओढणं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

ती किल्ली आत्याने परत दिलीच नाही, मंगळसूत्रात ओवून टाकली. पुढे कित्येक वर्षं आतोबा घामाघूम होऊन दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "जरा वारा मिळेल का?" आत्या म्हणायची, "अर्ज करा." आणि ते खरंच हात जोडायचे!

आतोबा गेले तेव्हा पंखा बंद पडून बरेच दिवस झाले होते. मंगळसूत्र उतरवायला बायका पुढे झाल्या. आत्या किल्ली मुठीत धरून बसली. कुणीतरी ती सोडवायला गेलं, तेव्हा कोपऱ्यातून अक्का उठल्या. मंगळसूत्रातून ती किल्ली त्यांनी हळूच काढली, साध्या काळ्या दोऱ्यात ओवली आणि पुन्हा आत्याच्या गळ्यात बांधली.