ब्रेकबाईची गाडी

माझ्या ताईला सगळे ब्रेकबाई म्हणतात. सव्वीस वर्षं ती ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊ माणसाच्या शेजारी बसली. त्या गाड्यांना शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असतो. समोर सायकलवाला आला, शिकाऊ गांगरला, की ताईचे दोन्ही पाय खाडकन खाली. अर्ध्या शहराला तिनं गाडी शिकवली आणि उरलेल्या अर्ध्याला त्यांच्यापासून वाचवलं.

मग एकदा एका शिकाऊनं स्कूलचंच फाटक पाडलं. ब्रेक झिजलेत, असं ताईनं मालकाला दोनदा सांगितलं होतं. पण मालक सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, तुमचे पाय मंदावलेत. उद्यापासून काउंटरवर बसा." चोराच्या उलट्या बोंबा! माझं तर डोकंच फिरलं.

ताई रडली नाही. तडक माझ्या गॅरेजात आली. "मला ड्रिफ्टिंगची गाडी शोधून दे."

माझ्या हातातला पाना गळाला. शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर महिन्यातून एकदा पोरं मुद्दाम गाडीची शेपटी घसरवत, धूर काढत गोल फिरतात, ते हे ड्रिफ्टिंग.

"अगं, गुडघ्याला पट्टा बांधून फिरतेस तू!"

"पट्टा गुडघ्याला आहे, अकलेला नाही. मालकाचा पोरगा तिथे उतरतो, मालक बघायला येतो. त्याच्या डोळ्यांदेखत माझे पाय चालले पाहिजेत. बस्स."

भाऊजी म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. त्यांना गाडी मीच शिकवलीय."

जुन्या गाड्यांच्या आवारात विक्रेत्यानं लालभडक गाडी पुढे केली, मागे हा एवढा पंख. ताईनं सवयीनं शेजारचं दार उघडलं आणि आत बसली. विक्रेता फिदीफिदी हसला. "मॅडम, स्टिअरिंग पलीकडे आहे." त्याचे दात घशात घालावेसे वाटले मला.

मी शेजारी बसलो, ताईनं गाडी मागच्या मोकळ्या जागेत नेली. वळणावर अचानक एक पिंप दिसलं. तिचा डावा पाय सवयीनं धाडकन क्लचवर पडला आणि उचलला गेला. उजवा ॲक्सिलरेटरवरच होता. इंजिन किंचाळलं आणि गाडीचं नाक सरळ पिंपाकडे निघालं. वीतभर अंतरावर ताईनं ती थांबवली.

"हिला पुढची चाकं ओढतात. मागची नुसती फरफटत येतात, शेपटी घसरणार कशी?" ती उतरली. "पंख आहेत म्हणून कोंबडी उडत नाही."

कोपऱ्यात एक राखाडी, लांबलचक, निवृत्त टॅक्सी धूळ खात होती. सीट बसलेल्या, पण गिअर हाताचे, हँडब्रेक ओढायचा, आणि जोर मागच्या चाकांना.

"ही भंगारात जायचीय," विक्रेता म्हणाला.

"मलाही तेच सांगितलंय एकानं," ताई म्हणाली.

तेच वळण, तेच पिंप, आणि पुन्हा तोच मेला डावा पाय! पण या वेळी मागची चाकं झटक्यात निसटली आणि शेपटी गर्रकन फिरली. मी आईच्या नावानं ओरडलो. ताईनं स्टिअरिंग उलटं फिरवलं, गाडी सावरली, आणि ती खळखळून हसली. फाटक पडल्यापासून पहिल्यांदाच.

"हीच."

"अगं, पाय चुकला तुझा!"

"चुकला? क्लचला असा झटका दिला की शेपटी सुटते. पोरं तो द्यायला महिनेन् महिने शिकतात. माझा सव्वीस वर्षांचा सराव आहे."

मी मागची दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरून एकदमच घसरतील अशी सोय करून दिली. ताईनं दीड महिना रोज सकाळी टायर जाळले. भाऊजी आधी कुरकुरले, मग स्वतःच पाण्याची बाटली घेऊन यायला लागले.

ड्रिफ्टिंगच्या दिवशी धावपट्टीवर टॅक्सी बघून पोरं हसली. मालक बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपाशीच उभा होता. ताईनं वळणावर डावा पाय हाणला. शेपटी सुटली ती पूर्ण गोल होईपर्यंत सरळ झालीच नाही. ताईनं दोरीपाशी गाडी थांबवून शेजारचं दार उघडलं.

"बसा साहेब. पाय मंदावलेत का, जवळून बघा."

सगळे बघत होते. त्याला बसावंच लागलं.

गाडी माझ्यासमोरून आडवी गेली तेव्हा मालकाचे दोन्ही पाय खाली काहीतरी शोधत धपाधप आपटत होते. उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तिथे ब्रेक नसतो, साहेब," ताई म्हणाली. "आणि आता ब्रेकबाईही नाही."

सोमवारी त्यानं तिला परत बोलावणं पाठवलं. ताई गेली नाही. तिला टायर बदलायचे होते.