पट्टकृमींचा उपास

बकऱ्याच्या आतड्यातल्या पट्टकृमीला ना तोंड असतं ना पोट. फुकट्या पाहुण्यासारखा तो पडून राहतो आणि यजमानाच्या जेवणातली साखर अंगावरच्या कातडीतूनच शोषून घेतो. हवेवाचूनही त्याचं अडत नाही. साखर अर्धवट फोडायची, निघेल तेवढ्या शक्तीवर भागवायचं आणि उरलेलं आम्ल बाहेर टाकायचं, असा त्याचा कारभार. असल्या आळशी प्राण्यावर मी नागपुरात पीएच.डी. करत होते आणि तो मला छळत होता.

त्याला बिनसाखरेच्या कोमट मीठपाण्यात उपाशी ठेवलं की अंगातला साखरेचा साठा उतरायला हवा. माझ्या जंतांचा उतरतच नव्हता. मार्गदर्शक बाईंनी सांगून टाकलं, "आता एकदाच करून बघ. नाही जमलं तर हा भाग प्रबंधातून काढायचा." मी घरी येऊन भांडी आपटली.

सकाळी घरून थर्मास घेऊन मी सक्करदऱ्याच्या खाटकाकडे जायची. तिथेच मीठपाणी ओतून त्यात जंत सोडायची. एकदा दुकान बंद निघालं आणि कोरडा थर्मास स्कूटीच्या डिकीतच राहिला. संध्याकाळी उघडला तर आत मुंग्याच मुंग्या! माझं डोकंच फिरलं.

थर्मास रोज झाकण लावून माझ्या हातात द्यायच्या त्या सासूबाई. त्यांनाच विचारलं.

"रिकामं भांडं घराबाहेर धाडतेत का वं?" त्या म्हणाल्या. "चिमूट चिमूट साखर टाकून राहिली होती मी."

"अहो आई, ते जंत उपाशी ठेवायचे असतात!"

"मले काय मालूम? अन् काहून उपाशी ठेवून राहिली त्याइले? जीवच हाये ना तो!"

चिडावं की हसावं तेच मला कळेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी थर्मास नुसताच दिला, पण तोंड दुसरीकडे वळवून.

त्या दिवशी साठा अगदी हवा तसा उतरला. बाईंना सांगायच्या आधी मी घरी फोन लावला.

"आई, जमलं!"

"मंग जंत?"

"मेले."



"उपाशीच गेले बिचारे," त्या म्हणाल्या. "तू तरी जेवून घे वं."