कागदावर रंगलेली टेकडी

फिदेन्सिओ पारिओनाने बायकोला सोन्याचे डूल दिले ते लग्नाच्या दिवशी, ब्रशाने. फोटो काळा-पांढरा, मेल्चोराचे कान उघडे. त्याने बारीक ब्रश घेऊन कानांवर दोन पिवळे ठिपके दिले, हातात लिलीची फुलं दिली, आणि मागे निळं आकाश घातलं. लिमात मे ते ऑक्टोबर आमच्या डोक्यावर गाढवाचं पोट असतं, म्हणजे तसं राखाडी, खाली लोंबणारं धुकं, निळं काही दिसत नाही. पण फोटो वर डोंगरात सासऱ्याला पाठवायचा होता, आणि पोरगी चांगल्या घरी पडली असं सासऱ्याला वाटायला हवं होतं. वाटलंही. सासरा फोटो उशाशी घेऊन मेला.

हे सगळं मला माहीत, कारण चौकात माझी गाडी त्याच्या शेजारी. मी एर्मेलिंदा. सातू, जवस आणि औषधी पाला उकळून एमोलिएंते विकते, कामावर जाणारे लोक उभ्या उभ्या एक पेला गरम गरम पिऊन जातात. माझ्या डाव्या हाताला एकतीस वर्षं फिदेन्सिओची लाकडी पेटी तीन पायांवर उभी असे. पेटीतच फोटो काढायचा, पेटीतच धुवायचा, बादलीत बुचकळायचा आणि मग गिऱ्हाईक सांगेल ते रंग द्यायचे. अव्हेन्यूवर रंगीत फोटोची दुकानं आली तरी आमच्या टेकडीवरची माणसं त्याच्याकडेच येत. दुकानातला कॅमेरा जे आहे तेच दाखवतो, त्याला कोण पैसे देणार? फिदेन्सिओ अनवाण्याला बूट घालायचा. विधवेच्या शेजारी मेलेला नवरा बसवायचा, तोही जिवंतपणी होता त्याहून जरा बरा. नाही म्हणणं त्या माणसाच्या जिभेवरच नव्हतं.

बायकोलाही त्याने कधी नाही म्हटलं नाही. दर वर्षी एक फोटो. एका वर्षी तिला लोकरी कोट मिळाला, एका वर्षी फ्रीज, एका वर्षी घरावर दुसरा मजला. मेल्चोरा लोकांच्या घरी कपडे धुवायची. हात पाण्याने सुजलेले, आणि जीभ माझ्याहून तिखट. "पेटीत बंगला आहे गं माझा," ती मला म्हणायची, "एकदा राहायला ये, घडी घालून ठेवलाय."

खरोखरची अशी तिने एकच गोष्ट मागितली होती. घराची पुढची भिंत निळी. तिच्या गावच्या शाळेचं दार होतं तसा निळा. रंगाचा डबा तिने स्वतः आणला होता, तो नऊ वर्षं पलंगाखाली होता. पण आमच्या टेकडीवर कुणाचंच घर पुरं झालेलं नाही. छपरातून लोखंडी सळया वर निघालेल्या, पुढे कधीतरी मजला चढवायचा म्हणून. भिंती उघड्या विटांच्या. फिदेन्सिओ म्हणायचा, "आधी मजला, मग गिलावा, मग रंग. पुढच्या जुलैत." असे नऊ जुलै गेले.

जुलै अशासाठी, की अठ्ठावीस तारखेला देशाचा वाढदिवस. त्या दिवशी प्रत्येक घरावर झेंडा पाहिजे आणि दर्शनी भिंत रंगवलेली पाहिजे, नाहीतर पालिका दंड करते. इतकी वर्षं आम्ही झेंडा लावायचो आणि भिंतीचं कुणी विचारायचं नाही. पण त्या वर्षी महापौराला हुक्की आली. राजधानीतला सगळ्यात रंगीत भाग म्हणून आपलं नाव वर कळवायचं. टेकडीवर दोनशे तीस घरं, आणि पालिकेकडे रंग होता तो फूटपाथच्या कडांपुरता. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की घरं रंगवण्यापेक्षा घरांचा फोटो रंगवावा. वर काय, फोटोच जाणार.

एप्रिलच्या एका उघड्या दिवशी फिदेन्सिओने पालिकेच्या गच्चीवरून टेकडीचा फोटो घेतला. चादरीएवढा मोठा करून आणला, आणि सभागृहाच्या टेबलावर पसरून तीन आठवडे कापसाने आणि ब्रशाने रंगवत बसला.

टेकडीला कळायला दोन दिवस लागले. मग रांग लागली. कुणी उकडलेली कणसं आणतंय, कुणी भाजलेला कुई, आमचा गिनीपिग, आणतंय, त्याचा पाय बाहेर लोंबतोय. "मास्तर, आम्हाला पिवळा द्या." "मास्तर, तिला पिवळा दिला असेल तर आम्हाला नको." एका बाईने तीन वेळा रंग बदलून घेतला आणि चौथ्यांदा आली तेव्हा पहारेकऱ्याने दार लावून घेतलं. भिंत तीच, विटांची, तिला हात कुणी लावत नव्हतं. पण फोटोत गुलाबी मिळालेले लोक मान वर करून चालायला लागले.

फोटो झाला, महापौराने खाली सही केली, शिक्का मारला, आणि तो पालिकेच्या दालनात लागला. मेल्चोरा आणि मी बघायला गेलो. टेकडी अशी सुरेख दिसत होती की मला आत कुठेतरी दुखलं. मेल्चोरा बोटाने आपलं घर शोधत गेली. दोनशे चौदा नंबर. सापडलं. सगळ्या टेकडीत तेवढं एकच घर विटांचं होतं, राखाडी, जसंच्या तसं.

ती तडक चौकात फिदेन्सिओच्या पेटीपाशी आली. 

"म्हाताऱ्या, माझं घर विसरलास?"

"विसरलो नाही. शेवटी ठेवलं होतं." फिदेन्सिओ बादलीत बघत म्हणाला. "मग वाटलं, दोनशे एकोणतीस घरांबद्दल खोटं बोललो. एका घराबद्दल तरी खरं बोलावं."

"आणि खरं बोलायला माझंच घर सापडलं?"

 मी मध्ये पडून दोघांना एकेक पेला दिला. दोघांनी तसाच ठेवला.

एवढ्यावर मिटलं असतं. पण जूनमध्ये पालिकेत इंजिनिअर ओलोर्तेगी नावाचा नवा अधिकारी आला. तरुण, नाकासमोर चालणारा, लाच न खाणारा. असा माणूस आला की गरिबाच्या नाकी नऊ येतात. त्याने कागदपत्रं वाचली आणि दालनातल्या फोटोसमोर उभा राहिला. सही आहे, शिक्का आहे, घरांचे रंग आहेत. म्हणजे हा मंजूर नकाशा. मग तो टेकडीवर चढला आणि त्याला घाम फुटला. दोनशे एकोणतीस घरं नकाशाविरुद्ध होती.

नोटिसा आल्या. तुमच्या घराचा मंजूर रंग डाळिंबी, प्रत्यक्षात वीट आढळली. पंचवीस जुलैपर्यंत दुरुस्त करा.

तिबुर्सिओ खाटकाला दोन नोटिसा आल्या. एक घराची आणि एक कुत्र्याची. त्याचा कुत्रा गच्चीवर झोपतो, टेकडीवरचे सगळेच कुत्रे झोपतात, आणि फोटोत शेजारच्या भिंतीचा हिरवा फिदेन्सिओच्या हातून जरा पसरून त्याच्यावर गेला होता.

"साहेब, कुत्रा म्हणजे भिंत नाही," तिबुर्सिओ म्हणाला.

"भिंत नाही, पण मिळकतीच्या हद्दीत आहे."

"तो तपकिरी जन्मलाय हो."

"मग त्याच वेळी हरकत घ्यायची होती. फोटो पंधरा दिवस दालनात होता."

शेवटी इंजिनिअर हिरव्या घोंगडीवर राजी झाला. कुत्र्याला घोंगडी शिवली. कुत्र्याने ती दोन वेळा खाल्ली, म्हणून तिसरी शिवली.

बाकीच्यांनी काय केलं? आमच्याकडे कुणाचं अडलं की कोंबडी तळून विकतात, ते केलं. चार रविवार आख्खी टेकडी एकमेकांना तळलेली कोंबडी विकत होती. रंग आला, गिलावा आला. शिव्या फिदेन्सिओच्या नावाने चालल्या होत्या, पण हात थांबत नव्हते. ज्या बाईने तीनदा रंग बदलला होता ती शिडीवर उभी राहून ओरडली, "मास्तर, जांभळा कशाला दिलात? मेला दोन हात देऊनही विटा दिसतायत!" पण ओरडताना हसत होती. वीस वर्षं पुढच्या जुलैवर ढकललेलं काम चार आठवड्यांत झालं. इंजिनिअरने घराघरापुढे उभं राहून खुणा केल्या.

दोनशे चौदाला येऊन तो पहिल्यांदाच हसला. "अभिनंदन, बाई. टेकडीवर नियमात असलेलं हे एकच घर. मंजूर रंग वीट. तुम्हाला काहीच करायचं नाही."

"मला निळा लावायचाय," मेल्चोरा म्हणाली. "डबा आहे माझ्याकडे."

"लावला तर नकाशाचा भंग होईल. आणि नकाशा तुमच्या नवऱ्यानेच केलाय. करणाऱ्यानेच मोडला तर त्याचा चौकातला परवाना ठेवता येणार नाही मला. वाईट वाटतं, पण नाही ठेवता येणार."

म्हणजे एकीकडे नऊ वर्षं पलंगाखाली असलेला डबा, आणि दुसरीकडे एकतीस वर्षांची चौकातली जागा. त्या जागेवर दोघं जेवत होती. मेल्चोरा काय निवडणार? सत्तावीस तारखेला ती माझ्या गाडीपाशी आली, नवऱ्यासमोर उभी राहिली आणि जे म्हणाली ते मला आजही ऐकवत नाही.

"म्हाताऱ्या, राहू दे भिंत. जाऊन त्या फोटोतच निळा लाव. नेहमीसारखा. मला सवय आहे."

तिने टोमणा मारला असता तर चाललं असतं. टोमण्यांची त्यालाही सवय होती. पण ती साधेपणाने बोलली. फिदेन्सिओने रंगाची पेटी उचलली आणि पालिकेत गेला. अर्ध्या तासाने परत आला. इंजिनिअरने त्याला काचेला हातही लावू दिला नव्हता. शिक्का मारलेल्या कागदावर आता निर्माताही ब्रश टेकवू शकत नाही, असं म्हणाला.

"एर्मेलिंदा," फिदेन्सिओ पेटी खाली ठेवत म्हणाला, "आता फोटोतसुद्धा देता येत नाही गं तिला."

"मग आता काय देणार?" मी फटकन बोलले. नंतर जीभ चावली.

अठ्ठावीसला सकाळी चौकात बँड, झेंडे, पाहुणे, वर्तमानपत्रवाले. पडदा घातलेला फोटो मंचावर, आणि मागे प्रत्यक्ष टेकडी, अशी योजना. फक्त टेकडी नव्हती. गाढवाचं पोट इतकं खाली उतरलं होतं की चर्चचं घंटाघरसुद्धा अर्ध्यातून गायब होतं. महापौराने पडदा ओढला आणि हात मागे फिरवून म्हणाला, "आणि ही पाहा आपली टेकडी!" सगळ्यांनी पांढऱ्या धुक्याकडे बघितलं. कुठून तरी वरून तिबुर्सिओचा कुत्रा भुंकला. मग वर्तमानपत्रवाल्यांनी कॅमेरे फोटोकडे वळवले, फोटोचे फोटो काढले, आणि टाळ्या झाल्या.

एका माणसाने टाळ्या वाजवल्या नाहीत. इंजिनिअर ओलोर्तेगीला टेकडी दिसल्याशिवाय 'घरं नकाशाप्रमाणे रंगली' या दाखल्यावर सही करायची नव्हती. त्याने नकाशाकाराला बोलवा म्हणून फर्मावलं, आणि फिदेन्सिओ जागेवर नव्हता. पेटीही नव्हती. मला म्हणाला, घर दाखवा. मी गाडी सोडून पायऱ्या चढायला लागले, मागे तो धापा टाकत.

धुक्यातून आधी आवाज ऐकू आला.

"सांडतोय रे! खालून वर नाही, वरून खाली!"

"एकतीस वर्षं रंग लावतोय मी, मला शिकवू नकोस."

"नखाएवढे रंग लावलेस. ही भिंत आहे."

फिदेन्सिओ शिडीवर होता, मेल्चोराने शिडी धरली होती, आणि दोघांच्याही केसांत निळा. नऊ वर्षांच्या रंगावर साय धरली होती, ती बाजूला काढून ठेवलेली. गिलाव्याला वेळ नव्हता, नुसत्या विटांवर चालू होतं. कोरडी वीट रंग पिते. डबा खिडकीच्या वरच्या कडेपर्यंत पुरला आणि संपला. त्याच्या वर वीट तशीच. पण खालचा निळा असा होता की धुक्यातही डोळ्यांत भरत होता.

इंजिनिअरने भिंत खालून वर बघितली. वही काढली, मग म्हणाला, "मास्तर, तुम्हाला सांगितलं होतं."

फिदेन्सिओ शिडीवरून उतरला. सदऱ्याच्या खिशातून परवान्याचं कार्ड काढून त्याने स्वतःच पुढे केलं. त्यावर निळ्या अंगठ्याचा ठसा उमटला. "तुमची चूक नाही, साहेब. तुम्ही घेऊन जा."

इंजिनिअरने ते दोन बोटांत धरलं आणि तो पायऱ्या उतरला. मला रडू आलं आणि रागही आला, नक्की कुणाचा ते मला आजही सांगता येणार नाही. उद्यापासून हा माणूस कुठे उभा राहणार होता?

पण फिदेन्सिओला घाई होती. पेटी आधीच अंगणात मांडून ठेवलेली. "उभी राहा," तो बायकोला म्हणाला. ती भिंतीपुढे उभी राहिली, सुजलेले हात पोटावर धरून, कानांत काही नाही. त्याने काळ्या कापडात डोकं घातलं. फोटो धुतला, बादलीतून काढला, झटकला. राखाडी बाई, राखाडी भिंत, राखाडी हवा. त्याने सवयीने खाली बसून रंगाची पेटी उघडली, निळा शोधला आणि ब्रश ओला केला.

मेल्चोराने त्याचं मनगट धरलं.

"फोटो राहू दे तसा," ती म्हणाली. "घर निळं आहे."