नाईकाचे व्रत

दुसरे महायुद्ध संपले त्या वर्षी मी नगरच्या कॅम्पातील एका इस्पितळात जखमा धुणारा-बांधणारा ड्रेसर होतो. आमच्या वॉर्डात इटलीहून जखमी होऊन आलेले पाच गोरखे होते. ते नेपाळचे. इंग्रजांचा राजा त्यांचा राजा नव्हता. मग लढता कशाला, असे मी त्यांच्यातील नाईक हुद्द्याच्या एकाला एकदा विचारले. तो तुटक हिंदीत म्हणाला, "भरतीला मी माझ्या पायांनी गेलो."

त्याच्या मांडीतून गोळी गेली होती. जखम धुताना तो छताकडे पाहत राही. आवाज काढीत नसे.

समुद्र ओलांडून आलेल्या गोरख्याला घरी जाण्यापूर्वी शुद्धी करून घ्यावी लागे. पाच दिवस व्रत, परजातीच्या हातचे पाणी वर्ज्य, शेवटी पलटणीच्या पंडिताचा दाखला. दाखल्यावाचून घरचे लोक त्याला पंक्तीला घेत नसत. नाईकाला हा दाखला इतरांहून निकडीचा होता. तो आघाडीवर असताना त्याचे वडील वारले होते. मुलगा एकटाच. व्रत सुरू झाले तेव्हा वर्षश्राद्धाची तिथी पंधरा दिवसांवर होती आणि गावी पोहोचायला आठ दिवस लागत.

चौथ्या दिवशी दुपारी त्याला ताप चढला. त्यांना चालणारा पाणक्या बाहेर गेला होता, सोबती पंडिताकडे. त्याने दोनदा पाणी मागितले. मी ख्रिस्ती. माझ्या आजोबांनी धर्म बदलला तो असल्याच पाण्याच्या विटाळापायी. नाईक भ्रमात आहे असे समजून मी पेला त्याच्या तोंडाला लावला.

सायंकाळी ताप उतरल्यावर मी त्याला ते सांगितले. शेजारच्या खाटेवरचा काष्टी गावचा शिपाई म्हणाला, "लई शानं हाय तुमी, डरेसरसाहेब. इचारलं हुतं का कुनी? पंडित काय ह्याच्या पोटात शिरून बघनार हाय?"

दुसऱ्या दिवशी पंडित वॉर्डात येऊन दाखले लिहायला बसला. नाईकाने आपण होऊन पाण्याचे सांगितले. पंडित समजूतदार होता आणि तिथी केव्हा आहे हे त्याला ठाऊक होते.

"तापात तुला शुद्ध नव्हती. त्याचा दोष नाही," असे म्हणून त्याने टाक उचलला.

"शुद्ध होती," नाईक म्हणाला. "कोणाच्या हातचे ते माहीत होते. तहान लागली होती."

पंडिताने टाक खाली ठेवला. "मग पुन्हा पाच दिवस. तिथी हुकेल."

"हुकेल."

काष्टीच्या शिपायाने कपाळाला हात लावला. "घ्या. एक शाना कमी हुता."

सोबती त्याच दिवशी गाडीने गेले. पुढच्या पाच दिवसांत नाईकाने माझ्या हातचे पाणी घेतले नाही आणि मी पुढे केले नाही. ती रीत मला तेव्हा मान्य नव्हती, आजही नाही. परंतु माझ्या हातचे पाणी जाणूनबुजून प्यायलो, हे त्याने पंडितासमोर, भर वॉर्डात सांगितले. त्या काळी तसे सांगणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

निघण्याच्या दिवशी मी त्याची पट्टी बदलली. दाखला त्याच्या खिशात होता.

"तिथीला पोहोचणार नाही तुम्ही," मी म्हणालो.

"वडील थांबतील. खोटे बोलून गेलो असतो तर त्यांनी माझ्या हातचे पिंडपाणी घेतले नसते."

पाय अजून ओढत होता. टांग्यात चढताना त्याने आधारासाठी माझा हात मागितला. मी दिला.