आधी पाणी, मग ॲसिड

अंकुश गेल्याची बातमी मला इंग्रजीत कळली. पिंपरीच्या मंडईत मेथीची जुडी निवडत होतो, खिशातला फोन वाजला. कंपनीतल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर कुणीतरी त्याचा फोटो टाकला होता आणि खाली दोन ओळी... ‘सॅड डिमाइज’, ‘एक्स-एम्प्लॉयी’ वगैरे. त्याखाली एकामागून एक आरआयपी, आरआयपी, आरआयपी. लिहिणारे कोण? एक साताऱ्याचा, एक बीडचा, दोघे खेडचे, एक तर आमच्याच गल्लीतला. यातल्या एकालाही ‘अंकुश गेला रे’ असं लिहावंसं वाटलं नाही. खरं तर मला रडू यायला हवं होतं, पण डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसानं शेवटची काही वर्षं ‘लोकांना कळेल त्या भाषेत लिहा’ एवढंच सांगत सरकारी कार्यालयांचे उंबरे झिजवले, त्याला आम्ही तीन इंग्रजी अक्षरांत निरोप दिला. आता महिना उलटून गेलाय. राग उतरलेला नाही आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

अंकुश मूळचा धाराशिवकडचा. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, लोखंडावर जस्ताचा थर चढवतात त्या विभागात तो ऑपरेटर होता. मी त्याच कारखान्यात, प्रशिक्षण विभागात. राहायला दोघेही संत तुकाराम नगरात, त्यामुळे कंपनीची बस एकच. पहिले तीन महिने आम्ही शेजारी शेजारी बसून एकमेकांशी हिंदीत बोललो. ‘आज ओव्हरटाइम है क्या?’, ‘क्या करे, साहब छोडतेच नहीं’ असलं आमचं हिंदी. त्याला वाटलं मी उत्तरेकडचा, मला वाटलं तो. कंपनीत अनोळखी माणसाशी हिंदीत बोलायचं, हा नियम आम्हाला कुणी घालून दिला नव्हता. आमचा आम्हीच पाळत होतो. मग एके दिवशी बसमध्ये त्याला घरून फोन आला. ‘‘अगं, शेंगदाणे भाजून ठिव म्हणलो होतो की! सकाळधरनं काय करायलीस?’’ मी त्याच्याकडे बघतच राहिलो. फोन ठेवल्यावर त्यानं माझं तोंड पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. आधी तो मनसोक्त हसला, आणि मग खरोखर चिडला. ‘‘तीन महिने आपून कुणासाठी हिंदी बोलायलोत, राव?’’

दुसऱ्या दिवसापासून आम्ही मराठीत बोलू लागलो.

कुणाचा गैरसमज नको म्हणून सांगतो. अंकुशचा हिंदीवर राग नव्हता, हिंदी बोलणाऱ्यांवर तर मुळीच नव्हता. त्याच्या विभागात बिहारचे होते, ओडिशाचे होते, त्यांच्या डब्यातलं तो खायचा. त्याचा राग होता तो कुणालाच नीट न कळणाऱ्या भाषेत कामगाराला जबाबदार धरण्यावर. आणि हे काम पगार घेऊन करणारा माणूस म्हणजे मी. शिफ्ट सुरू होण्याआधी पाच मिनिटं सुरक्षेची सूचना वाचायची, मग कागद फिरवून सह्या घ्यायच्या. कागद इंग्रजीत. शेवटची ओळ अशी की, ‘मी हे वाचले असून मला समजले आहे.’ मी मथळे वाचायचो, ‘सब समझ गये ना?’ म्हणायचो आणि कागद पुढे सरकवायचो. चहाचा कप एका हातात धरून लोक सह्या करायचे. सह्यादेखील इंग्रजीत, कारण मराठीत सही केली तर अडाणी दिसू अशी प्रत्येकाला भीती. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की कारखान्यातल्या सूचना बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत हव्यात. म्हणून आमच्या गेटवर भलामोठा मराठी फलक होता. ‘आम्लसदृश द्रव्ये हाताळताना विहित कार्यपद्धतीचे अनुपालन अनिवार्य आहे.’ तपासणीला येणारे साहेब तो फलक बघायचे, वहीत खूण करायचे आणि गाडीत बसायचे. आत, जिथे खरंच ॲसिड होतं, तिथे सगळं इंग्रजीत.

चाकणजवळच्या निघोज्याचे बाळासाहेब आमच्याच कारखान्यात पॅकिंगमध्ये होते. घरची शेती, शिफ्ट संपली की वावरात जाणारा माणूस. माणसं कमी पडली म्हणून त्यांना अंकुशच्या विभागात पाठवलं. तिसऱ्या दिवशी अंकुशची सुट्टी होती. लोखंड धुवायची ॲसिडची टाकी तयार करायची होती. बाळासाहेबांनी आधी टाकीत ॲसिड घेतलं आणि वरून पाण्याची बादली ओतली. आयुष्यभर फवारणी करताना त्यांनी तसंच केलं होतं, आधी औषध, मग वरून पाणी. टाकीवरच्या इंग्रजी कागदावर नेमकं हेच करू नका असं लिहिलं होतं. ॲसिड उसळलं. मान भाजली आणि डावा डोळा गेला.

चौकशी झाली. बाळासाहेबांनी दवाखान्यातून सांगितलं, ‘‘मला काय वाचाया आलं न्हाई. सायबांनी सई मागितली, म्या दिली.’’ मग मला बोलावलं. समोर तिघे बसलेले, तिघेही मराठी, बोलणं सगळं इंग्रजीत. त्यांनी विचारलं, सूचना कामगाराला समजेल अशा भाषेत समजावून दिली होती का? मी ‘येस सर’ म्हणालो. एवढंच. दोन शब्द. अहवालात लिहून आलं की कामगारानं सूचना वाचून सही केली होती, अपघात त्याच्या निष्काळजीपणामुळे झाला. बाळासाहेबांचं काम गेलं. गावात लोक त्यांना पाणी आणि ॲसिड यांतला फरक न कळणारा माणूस म्हणू लागले.

अंकुशला हे सुट्टीवरून आल्यावर कळलं. बसमध्ये त्यानं एवढंच विचारलं, ‘‘तू कवा सांगितलास बाळासाहेबांना?’’ मी खिडकीबाहेर बघितलं. पुढे चार महिने तो माझ्या शेजारी बसला नाही. त्या काळात त्यानं घरून पत्र्याचे तुकडे आणले आणि लाल ऑइलपेंटनं रंगवून प्रत्येक टाकीवर टांगले. ‘आधी पाणी, मग ॲसिड. उलटं केलं तर डोळा जाईल.’ खाली तेच हिंदीत, आणि एका ओडिशाच्या सहकाऱ्याला हाताशी धरून त्याच्या भाषेतही. आठ दिवसांत ते पत्रे उतरवले गेले. कारण काय, तर ‘ठरलेल्या नमुन्यात नाहीत’. तो पुन्हा रंगवायचा, ते पुन्हा काढायचे. तिसऱ्या खेपेला त्याला लेखी ताकीद मिळाली, अर्थात इंग्रजीत. ती वाचून घ्यायला त्याला माझ्याकडे यावं लागलं आणि तिथून आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं. ताकीद ऐकून तो म्हणाला, ‘‘बघ, मला शिवी द्यायलेत ते पण मला कळंना.’’

पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला. मुलगी आयर्लंडमध्ये नर्स, तिच्या बाळंतपणासाठी नवरा-बायको तीन महिने तिकडे गेले. तिकडून परत आलेले लोक हवा, रस्ते, दुकानं यांबद्दल बोलतात. अंकुश पाट्यांबद्दल बोलायचा. रस्त्यावरची प्रत्येक पाटी दोन भाषांत, वर आयरिश, खाली इंग्रजी. आयरिशमध्ये पत्र लिहिलं तर सरकारी कार्यालयाला आयरिशमध्येच उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर दाद मागायला भाषेचा वेगळा आयुक्त. हे सांगताना त्याचे डोळे चमकायचे. पण त्यानं दुसरी बाजूही पाहिली होती. शेजारी एक निवृत्त बस ड्रायव्हर राहायचा. मुलीला मध्ये घालून अंकुशनं त्याला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, शाळेची सगळी वर्षं आयरिश शिकलो, पाटी वाचता येते, पण बोलायला गेलं की जीभ अडते. घरी आईवडीलच बोलत नव्हते. परत आल्यावर मला म्हणाला, ‘‘कायदा पाटी लावतंय, मोहन. बोलायचं काम कायदा करत नसतंय, ते आपल्यालाच करावं लागतंय. पण पाटीच नसली तर बोलणारानं उभं तरी कुठं राहायचं?’’

तेव्हापासून त्यानं कारखाने तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाला पत्रं लिहायला घेतली. बाळासाहेबांची चौकशी पुन्हा करा आणि कारखान्यांतल्या सूचना कामगारांच्या भाषेत आहेत की नाही ते गेटवर नाही, टाकीजवळ जाऊन तपासा. एवढ्या दोनच मागण्या. साधं, सरळ, समजेल असं मराठी. उत्तरं यायची इंग्रजीत. आपल्या राज्यात, आपल्याच राज्याच्या कार्यालयाकडून, राजभाषेत लिहिलेल्या पत्राला! तो उत्तर परत पाठवायचा, वर लिहून की, ‘हे मला समजेल अशा भाषेत द्यावे.’ एकदा एका साहेबानं त्याला केबिनमध्ये बोलावून विचारलं, ‘‘काका, तुमची मुलगी परदेशात आहे ना? मग तुम्हाला इंग्रजीची एवढी ॲलर्जी का?’’ मराठी भाषा दिनाला हाच साहेब फेटा बांधून व्यासपीठावर बसलेला मी पाहिलाय. कुणीतरी त्याचा सत्कारही केला. आपल्याकडे भाषेचं धोरण म्हणजे वर्षातून एकदा बांधायचा फेटा झालाय, आणि त्याच्याखालचं डोकं कुणी तपासत नाही.

अखेर सगळं घोडं येऊन अडलं ते माझ्यापाशी. चौकशी पुन्हा उघडायची तर मी लिहून द्यायला हवं होतं की सूचना मी समजावली नव्हती. अंकुशनं तीनदा विचारलं. पहिल्यांदा मी नोकरीचं कारण सांगितलं, तेव्हा निवृत्तीला दोन वर्षं होती. दुसऱ्यांदा तब्येतीचं. तिसऱ्यांदा भेटलो तो पिंपरीच्या एका दवाखान्यात, दोघेही रक्तदाबाच्या गोळ्यांच्या रांगेत. मी निवृत्त होऊन वर्ष झालेलं, सांगायला कारणच उरलं नव्हतं. तो थकलेला दिसत होता. ‘‘लिहितोस का?’’ म्हणाला. मी म्हणालो, ‘‘बघतो.’’ तो माझ्याकडे बघून नुसता मान हलवत राहिला... तीच शेवटची भेट. सतरा दिवसांनी तो गेला, झोपेत, हृदयविकारानं.

चौदाव्याला मी त्यांच्या घरी गेलो. मुलगी आली होती, पाच वर्षांची नात आली होती. नात तिकडच्या सरकारच्या पैशावर चालणाऱ्या आयरिश माध्यमाच्या शाळेत जाते. पुढच्या खोलीत ती जमिनीवर बसून आजीच्या वाट्या मांडत होती आणि मोजत होती, ‘‘अ हेन, अ दो, अ त्री...’’ जमलेले लोक कौतुकानं बघत होते. मी तिला विचारलं, ‘‘बाळा, मराठीत मोजता येतं?’’ तिनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, ‘‘काका, आम्ही घरी इंग्लिशच बोलतो, तिला उगाच कन्फ्यूजन नको म्हणून.’’ आणि मग कळलं की अंकुशसुद्धा फोनवर नातीशी ‘हाऊ आर यू’ करायचा! मुलीनं सांगितलं म्हणून. सगळ्या जगाशी भांडणारा हा माणूस स्वतःच्या लेकीपुढे मुकाट्यानं इंग्रजीत बोलत होता. मला त्याचा इतका राग आला की तो समोर असता तर मी भांडलोच असतो. अंकुशची बायको, सुनंदावहिनी, वाट्या गोळा करता करता म्हणाल्या, ‘‘तिथल्या सरकारनं तिथलं काम केलंय बघा, भाऊजी. आमच्या वाट्याचं आमीच केलं नाही.’’ मी चहा अर्धा ठेवून उठलो, कारण त्यांना माहीत नसलं तरी ते वाक्य माझ्याबद्दल होतं.

त्या दिवशी घरी जाऊन मी लिहिलं. एक पान. बाळासाहेबांना ॲसिडची सूचना त्यांना समजेल अशा भाषेत मी कधीही वाचून दाखवली नव्हती. सही मी घेतली. चौकशीत मी खोटं बोललो. चूक त्यांची नाही, माझी आणि आमच्या कंपनीची आहे. ते पान आता कार्यालयात गेलंय, त्याची पोच माझ्याजवळ आहे. इथेही लिहितोय, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

पण कार्यालयात देण्याआधी ते घेऊन मी निघोज्याला गेलो होतो. बाळासाहेब गोठ्यापाशी बसले होते. मी म्हणालो, तुम्हाला वाचून दाखवतो. त्यांनी उजवा डोळा माझ्यावर रोखला आणि ऐकू लागले. मी सावकाश, मोठ्यानं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. वाचून संपलं. मला वाटलं, आता शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या. त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि मला परत दिला.

‘‘समदं कळलं,’’ ते म्हणाले. ‘‘त्या दिशी आसंच वाचलं आसतं, तर किती येळ लागला आसता वो सायेब?’’

मी घड्याळाकडे पाहिलं. दोन मिनिटंही झाली नव्हती.